निमंत्रण कोणाचे, शिकवणार कोण?

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या आपल्या शाळेच्या व्यासपीठावर उभे राहिले की आठवणी सांगण्याचा मोह होतो. तो मी आवरते, कारण संयोजकांनी मला विषय नेमून दिला आहे. अभियांत्रिकी डिझाइनचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना परदेशात, मुख्यतः अमेरिकेत, इंटर्नशिप कशी मिळते आणि त्यासाठी लागणाऱ्या एक्स्चेंज व्हिसाचे प्रायोजकत्व म्हणजे काय, हा तो विषय. मी यंत्रांचे डिझाइन करते. याच व्हिसावर पॅकेजिंग यंत्रे बनवणाऱ्या अमेरिकेतील एका कारखान्यात मी एक वर्ष शिकले आणि परत येऊन पीथमपूरला काम करू लागले. त्यामुळे जे सांगणार आहे, ते काही वाचून आणि काही अनुभवून.

इंदूरच्या आपल्या मराठी घरांचा यंत्रांशी संबंध जुना आहे. येथील कापड गिरण्यांत आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा फिटर, जॉबर किंवा मिस्त्री होते. गिरण्या बंद पडल्या, पीथमपूरची कारखानदारी उभी राहिली आणि तिसरी पिढी अभियांत्रिकी महाविद्यालयांत पोहोचली. या पिढीचे आईवडील मला हमखास विचारतात, "ताई, मुलाला अमेरिकेत इंटर्नशिप मिळते म्हणतात. एजंट काही लाख रुपये मागतो आहे. द्यावेत का?" प्रश्न पैशांचा वाटतो. मात्र त्याचे उत्तर एका कागदात दडलेले असते आणि नेमका तोच कागद पालकांनी पाहिलेला नसतो. आज मला मुख्यतः त्या कागदाविषयी बोलायचे आहे.

आधी व्हिसाचे स्वरूप समजून घेऊ. अमेरिकेने १९६१ साली परस्पर शैक्षणिक व सांस्कृतिक देवाणघेवाणीचा कायदा केला. फुलब्राइट आणि हेज या दोन लोकप्रतिनिधींच्या नावांनी तो ओळखला जातो. त्या कायद्याच्या आधारे 'जे-१' हा एक्स्चेंज व्हिसा चालतो आणि त्याचा कारभार तेथील परराष्ट्र खात्याकडे आहे. दुसऱ्या देशातील माणसाने यावे, शिकावे, लोकांत मिसळावे आणि शिकलेले घेऊन आपल्या देशी परतावे, अशी या व्यवस्थेची कल्पना आहे. नोकरीच्या व्हिसाची गोष्ट वेगळी आणि तिचे नियमही वेगळे. ज्याला तेथे कायमचे स्थायिक व्हायचे आहे, त्याने या दाराने जाऊ नये. ज्याला शिकायचे आहे, त्याच्यासाठी मात्र हे दार खरोखर उघडे आहे.

या व्यवहारात तीन पक्ष असतात. पहिला विद्यार्थी. दुसरी यजमान कंपनी, जिथे तो प्रत्यक्ष शिकणार. तिसरी प्रायोजक संस्था, जिला परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली असते. प्रायोजक संस्था विद्यार्थ्याला नोकरीवर ठेवत नाही. ती विद्यार्थ्याची पात्रता, त्याचे इंग्रजी, त्याच्या खर्चाची तरतूद आणि यजमान कंपनीची योग्यता तपासते, प्रशिक्षणाची योजना मंजूर करते आणि मग 'डीएस-२०१९' नावाचे प्रमाणपत्र देते. त्या प्रमाणपत्राशिवाय व्हिसाची मुलाखतच होत नाही. येथे पालकांचा एक गैरसमज दूर करायला हवा. अनेक प्रायोजक संस्था जागा शोधून देत नाहीत. विद्यार्थ्याने शोधलेली जागा त्या पारखून घेतात. जागा शोधण्याचे काम बहुधा विद्यार्थ्यालाच करावे लागते.

मान्यताप्राप्त संस्थांची यादी अमेरिकी परराष्ट्र खात्याने सर्वांसाठी खुली ठेवली आहे. एजंटाने सांगितलेले नाव त्या यादीत आहे की नाही, हे घरबसल्या पाच मिनिटांत कळते. आणखी एक गोष्ट पाहावी. संस्थेला मान्यता व्यवसायक्षेत्रानुसार मिळते. जिची मान्यता केवळ हॉटेल व पर्यटन क्षेत्रापुरती आहे, ती संस्था अभियांत्रिकीची इंटर्नशिप प्रायोजित करू शकत नाही.

आता पात्रता. आपल्या मुलांना लागू पडणारे वर्ग दोन : इंटर्न आणि ट्रेनी. इंटर्न होण्यासाठी अमेरिकेबाहेरच्या महाविद्यालयात शिक्षण चालू असावे, किंवा पदवी मिळून कार्यक्रम सुरू होण्याच्या दिवसापर्यंत १२ महिन्यांहून अधिक काळ लोटलेला नसावा. या वर्गाची कमाल मुदत १२ महिने. ट्रेनी होण्यासाठी पदवी आणि त्यानंतरचा अमेरिकेबाहेरचा किमान एक वर्षाचा संबंधित अनुभव हवा. पदवी नसेल तर त्या क्षेत्रातील पाच वर्षांचा अनुभव. अभियांत्रिकीत ट्रेनीची कमाल मुदत १८ महिने. म्हणजे पदवीनंतर वर्षभर घरी बसून "पाहू पुढे" म्हणणाऱ्या मुलासाठी इंटर्नचे दार मिटते आणि अनुभव नसल्याने ट्रेनीचे उघडत नाही. याकरिता तिसऱ्या वर्षाच्या अखेरीसच कॅलेंडर समोर ठेवावे आणि जाण्याच्या तारखेपूर्वी किमान आठ महिने हाताशी धरावेत.

आता त्या कागदाकडे येते. त्याचे नाव 'डीएस-७००२'. मराठीत त्याला प्रशिक्षण योजना म्हणू या. त्यात प्रशिक्षणाचे टप्पे लिहायचे असतात. प्रत्येक टप्प्यात विद्यार्थी कोणती कामे करील, त्यातून कोणते ज्ञान वा कौशल्य मिळवील, ते त्याला कोण आणि कोणत्या पद्धतीने शिकवील, आणि तो शिकला हे कसे मोजले जाईल, हे सारे नोंदवावे लागते. आठवड्याचे तास, मिळणारे मानधन आणि देखरेख करणाऱ्या व्यक्तीचे नाव व पात्रताही त्यात येते. विद्यार्थी, यजमान कंपनी आणि प्रायोजक संस्था अशा तिघांच्या त्यावर सह्या होतात. नियम स्पष्ट आहेत. आठवड्याला किमान ३२ तासांचे प्रशिक्षण हवे. कारकुनी काम एकूण कामाच्या २० टक्क्यांहून अधिक नसावे. अकुशल काम मुळीच नसावे. प्रशिक्षणार्थीमुळे कोणा अमेरिकी कामगाराची जागा जाऊ नये. कार्यक्रम सहा महिन्यांहून मोठा असेल तर मध्यावर आणि अखेरीस, असे दोनदा लेखी मूल्यमापन व्हावे.

दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ अशा योजनेचा मसुदा घेऊन माझ्याकडे आले. त्यांची मुलगी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होती. मसुद्यात बारा महिन्यांचा एकच टप्पा होता. कामाच्या रकान्यात 'डिझाइन विभागातील विविध कामांत साहाय्य' एवढेच लिहिले होते. देखरेख करणारी व्यक्ती मनुष्यबळ विभागातली होती. गावाकडचा प्लॉट विकण्याची बोलणी मात्र पुरी होत आली होती. आम्ही तिघांनी बसून तीन प्रश्न लिहिले. मुलीने काढलेले ड्रॉइंग कोण तपासणार? पहिल्या तीन महिन्यांत ती कोणता भाग स्वतः डिझाइन करणार? सहाव्या महिन्याच्या मूल्यमापनात नेमके काय पाहिले जाणार? हे प्रश्न एजंटाकडे पाठवले. दोन आठवडे उत्तर आले नाही. मग निरोप आला, की पैसे लवकर भरा, नाहीतर जागा जाईल. गृहस्थांनी प्लॉट विकला नाही.

त्या मुलीने पुढची पाच महिने चिकाटीने पत्रे लिहिली. बहुतेकांनी उत्तर दिले नाही, काहींनी नम्र नकार दिला. अखेर कन्व्हेयर बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीतील मुख्य डिझाइनरने तिच्याशी दोनदा बोलून होकार कळवला. तिची योजना पाहण्यासारखी होती. पहिल्या टप्प्यात कंपनीची जुनी ड्रॉइंगे वाचणे, जोडणी विभागात उभे राहून भाग कुठे अडतात ते टिपणे आणि टॉलरन्सची बेरीज करायला शिकणे. दुसऱ्यात पत्र्याचे एक संरक्षक आवरण स्वतः डिझाइन करून दर आठवड्याला वरिष्ठांसमोर मांडणे. तिसऱ्यात ते बनवून घेणे, बसवून पाहणे आणि चुकलेले माप ड्रॉइंगवर रीतसर बदलणे. ही योजना वाचताना ती मुलगी तेथे सोमवारी सकाळी काय करीत असेल, हे डोळ्यांसमोर उभे राहत होते. चांगल्या योजनेची हीच ओळख. दोन्ही कागदांवरचे पद एकच होते, 'डिझाइन इंटर्न'. पहिल्या कागदात निमंत्रण होते. दुसऱ्यात शिकवणारा माणूसही होता.

मग अशी जागा शोधायची कुठे? मोठ्या नावांच्या मागे सगळेच धावतात. संरक्षण आणि अवकाश क्षेत्रातील कंपन्यांची दारे आपल्यासाठी जवळजवळ बंद असतात. शस्त्रास्त्रांशी निगडित तांत्रिक माहिती परदेशी नागरिकाला दाखवणे हीसुद्धा तेथील कायद्याने निर्यातच ठरते आणि तिला परवाना लागतो. तेथे आलेला नकार हा मुलाच्या गुणवत्तेवरचा शेरा समजू नये. पॅकेजिंग, शेतीची अवजारे, पंप व व्हॉल्व्ह, कन्व्हेयर, अन्नप्रक्रियेची यंत्रे, इमारतींच्या वातानुकूलनाचे डिझाइन या क्षेत्रांतील मध्यम कंपन्यांकडे लक्ष द्यावे. तेथे डिझाइनर आणि कारखाना एकाच छपराखाली असण्याची शक्यता अधिक. कंपनी फारच लहान, म्हणजे २५ पेक्षा कमी कर्मचाऱ्यांची किंवा वर्षाला ३० लाख डॉलरहून कमी उलाढालीची असेल आणि पूर्वी या कार्यक्रमात आलेली नसेल, तर प्रायोजक संस्थेला तेथे प्रत्यक्ष भेट देऊन पाहणी करावी लागते. त्याने वेळ वाढतो, तरी जागा बाद होत नाही.

पत्र कंपनीच्या सर्वसाधारण पत्त्यावर पाठवण्यापेक्षा डिझाइन विभागाच्या प्रमुखाला लिहावे. ते एका पानाचे असावे. सोबत दोन किंवा तीन कामे जोडावीत, दहा नकोत. संगणकावर रंगवलेली चकचकीत चित्रे पाहून अनुभवी डिझाइनर प्रभावित होत नाही. तो विचारतो, की हा भाग कोणत्या यंत्रावर बनेल, तो पकडायचा कुठे, हे टॉलरन्स इतके घट्ट का. आपल्या दाराशी पीथमपूरच्या नॅट्रॅक्समध्ये 'बाहा' ही विद्यार्थ्यांनी बनवलेल्या गाड्यांची स्पर्धा वर्षानुवर्षे होत आली आहे. तिच्यासाठी एखाद्याने स्टिअरिंगचा एक जोड बनवला असेल, तर त्याचे पहिले ड्रॉइंग, चाचणीत तो कुठे वाकला त्याचे छायाचित्र आणि बदललेले ड्रॉइंग, ही तीन पाने पुरेशी बोलकी असतात.

निघण्यापूर्वी एक तयारी आवर्जून करावी. आपल्या महाविद्यालयांत भारतीय मानकाप्रमाणे फर्स्ट अँगल पद्धतीने ड्रॉइंग शिकवतात. अमेरिकेत थर्ड अँगल चालते. फर्स्ट अँगलमध्ये वस्तूचे डावीकडून दिसणारे दृश्य उजवीकडे काढतात, तर थर्ड अँगलमध्ये ते डावीकडेच येते. शीर्षकाच्या चौकटीतले छोटे चिन्ह न पाहता भाग बनवला, तर डाव्या बाजूचे भोक उजव्या बाजूला पडते. टॉलरन्सच्या खुणांसाठी तेथे 'एएसएमई वाय १४.५' हे मानक प्रमाण मानतात, ते अभ्यासावे. आणि तेथील अनेक कारखान्यांत अजून इंच वापरतात. इंचाचा हजारावा भाग म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर, हे हिशेब बोटांवर हवेत. मुलांना इंच परका वाटतो, पण आपल्या घरातले मिस्त्री ज्याला 'एक सूत' म्हणत, ते इंचाचा आठवा भागच होते. त्या अर्थाने आजोबांचे माप नातवाला तेथे भेटते.

आता इंग्रजीविषयी, कारण आपण मराठी माध्यमाची माणसे आहोत आणि ही धास्ती प्रत्येक घरात असते. प्रायोजक संस्था इंग्रजीची परीक्षा घेते, हे खरे. मात्र ती पाहते ते कामापुरते इंग्रजी : समजले का, विचारता येते का, सांगता येते का. याची तयारी सोपी आहे. रोज एक ड्रॉइंग समोर ठेवून दहा मिनिटे ते इंग्रजीतून मोठ्याने समजावून सांगावे. माझा अनुभव असा, की ज्याने एखादी कल्पना मातृभाषेत मुळापासून समजून घेतली आहे, त्याला ती दुसऱ्या भाषेत सांगताना शब्द कमी पडतात, आशय कमी पडत नाही. याच शाळेच्या वर्गात बाईंनी भूमितीचे प्रमेय "स्वतःच्या शब्दांत सांग" म्हणून सांगायला लावले होते. डिझाइनच्या बैठकीत तेच करावे लागते.

खर्चाचे बोलू. २०२५ मधील दरांनुसार व्हिसा अर्जाचे शुल्क १८५ डॉलर आणि विद्यार्थ्याच्या नोंदणीचे, ज्याला सेविस शुल्क म्हणतात ते, २२० डॉलर आहे. यांत भर पडू शकते, म्हणून अर्जाच्या वेळी अधिकृत दर पाहावेत. प्रायोजक संस्थेचे शुल्क संस्थेनुसार आणि मुदतीनुसार बदलते. त्याचा लेखी तपशील मागावा. आरोग्यविमा सक्तीचा आहे. प्रत्येक आजारासाठी वा अपघातासाठी किमान एक लाख डॉलरचे संरक्षण त्यात असावे लागते. पुष्कळदा तो संस्थेच्या शुल्कातच धरलेला असतो, तेव्हा दोनदा पैसे भरू नयेत. मग विमानभाडे आणि पहिल्या महिन्याचे घरभाडे. मानधन मिळत असेल तर त्यावर तेथील कर लागतो आणि विवरणपत्रही भरावे लागते. ही यादी कागदावर मांडली, की एजंटाच्या आकड्यातून ती वजा करावी. जे उरते, ते कशासाठी, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. सल्ला देणाऱ्याने मोबदला घेण्यात गैर काही नाही. मोबदल्याचे काम दिसले पाहिजे.

मध्य प्रदेशातील अर्जदार सामान्यतः मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात मुलाखतीला जातात. तेथे अधिकाऱ्याला खात्री हवी असते, की हा विद्यार्थी शिकून परत येईल. पाठ केलेली उत्तरे तेथे उपयोगी पडत नाहीत. आपली योजना ज्याने स्वतः लिहिली आहे, त्याला ती सांगता येते, आणि परतल्यावर काय करणार हेही तो सहज सांगतो. २०२५ पासून अर्जदारांना आपली समाजमाध्यमांवरील खाती तपासणीसाठी खुली ठेवण्यास सांगितले जाते, याचीही जाणीव असावी.

परतण्याच्या अटीबद्दल मात्र जुनी माहिती अजून फिरत असते. काही जे-१ धारकांना मायदेशी दोन वर्षे राहिल्याशिवाय नोकरीचा किंवा स्थायिकत्वाचा व्हिसा मिळत नाही. ज्या कौशल्ययादीमुळे ही अट पुष्कळ भारतीयांना लागू होत असे, तिच्यातून ९ डिसेंबर २०२४ पासून भारताचे नाव वगळले आहे. तरी कार्यक्रमाला सरकारी पैसा लागलेला असेल तर ती अट अजूनही लागू होऊ शकते. म्हणून प्रमाणपत्रावर आणि व्हिसावर काय लिहिले आहे, ते वाचावे. कार्यक्रम संपल्यावर आवराआवर आणि प्रवास करण्यासाठी ३० दिवस मिळतात. त्या दिवसांत काम करता येत नाही.

अमेरिकेपलीकडेही रस्ते आहेत. तांत्रिक शाखांच्या विद्यार्थ्यांची देशोदेशी अदलाबदल करणारी 'आएस्ते' ही संघटना १९४८ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात स्थापन झाली. तिचे तत्त्व परतफेडीचे आहे : एखाद्या देशाने परदेशी विद्यार्थ्यासाठी जागा दिली, की त्याच्या विद्यार्थ्याला बाहेर जागा मिळते. ब्रिटनमध्येही मान्यताप्राप्त संस्थेच्या प्रायोजकत्वावर चालणारा देवाणघेवाणीचा तात्पुरता व्हिसा आहे. नियम वेगळे असले तरी कसोटी सगळीकडे तीच : शिकवणार कोण आणि काय?

या तत्त्वातून मला आपल्यासाठी एक काम दिसते. आज या सभागृहात बसलेल्यांत कारखान्यांचे व्यवस्थापक आहेत, डिझाइनर आहेत, लेखापाल आहेत, दोन वकीलही दिसतात. माजी विद्यार्थी संघाने महिन्यातून एका रविवारी, दोन तास, शाळेच्या एका वर्गात बसावे. कोणाचीही मुलगी, कोणाचाही मुलगा आपली प्रशिक्षण योजना आणि खर्चाचा तपशील घेऊन येईल. आपण तो वाचू आणि तीन प्रश्न लिहून देऊ. यासाठी निधी लागत नाही. वाचणारी माणसे लागतात. आणि ज्यांच्या हाती कारखाने आहेत, त्यांना एक विनंती. जी योजना आपण अमेरिकेतल्या कंपनीकडे मागतो, तशीच एक पानाची योजना आपल्या पीथमपूरच्या कारखान्यात उन्हाळ्यात येणाऱ्या मुलांसाठी लिहा. प्रत्येकाला परदेशी जाता येणार नाही, जाण्याची गरजही नाही. पण आपले ड्रॉइंग लाल पेन्सिलने तपासणारा कोणीतरी प्रत्येकाला मिळायला हवा.

पालकहो, पैसे भरण्यापूर्वी तो कागद मागा. त्यात तुमच्या मुलाला शिकवणाऱ्याचे नाव शोधा. ते सापडले तर निर्धास्तपणे पाठवा, आणि नाही सापडले तर थांबा. थांबल्याने जागा जाते. घर जात नाही.